रिक्षाने चौल-रेवदंडा: चौदाशे रुपयांत काय मिळालं

आधी हिशेब. दिवसभराची रिक्षा १४०० रुपये. जेवण तिघांचं १०५०, म्हणजे दोन मच्छीच्या थाळ्या चारशे-चारशेच्या आणि एक शाकाहारी अडीचशेची. शहाळी, चहा, सरबत मिळून दोनशेच्या आत. तिकीट आम्हाला कुठेही काढावं लागलं नाही. पावतीही कुठे मिळाली नाही, हे माझ्यासारख्या हिशेब बघणाऱ्या बाईला जरा खुपलं.

माझं माहेर अलिबागजवळचं अक्षी. गेली अकरा वर्षं मस्कतला एका कंपनीत अकाउंट्स बघते. यंदा मुलाला नाताळची सुट्टी होती म्हणून दोन आठवडे घरी आलो. अक्षीहून चौल रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटं. आणि मी ते पाहिलेलं नव्हतं. म्हणजे चौलला गेले होते, आत्याच्या लग्नाला, दत्ताच्या जत्रेला, एकदा दाढ काढायला. शहर म्हणून पाहिलेलं नव्हतं.

याची लाज वाटायला एक कारण झालं. मस्कतहून निझवा शहर साधारण एकशेसाठ किलोमीटर. तिथं मी तीनदा जाऊन आलेय. आमच्याकडे पाहुणा आला की कार्यक्रम ठरलेला: शुक्रवारी पहाटे निघायचं, बकऱ्यांचा बाजार गाठायचा, मग किल्ला, मग खजूर आणि मातीची भांडी. किल्ल्याचा तो अवाढव्य गोल बुरूज, जिन्यातून वर येणाऱ्या शत्रूवर खजुराचा उकळता पाक ओतायची भोकं, खजुराची पोती रचायच्या खोलीत पाक वाहून जायला काढलेले पाट, सगळं पाटी लावून, दिवा लावून दाखवतात. माझ्या मुलाला बुरूज बांधायला बारा वर्षं लागली हे तोंडपाठ आहे.

तर ऑफिसात एक निझव्याचा सहकारी आहे. एकदा चहाला त्याने विचारलं, तू नक्की कुठली? मुंबई म्हणून सुटले असते, पण म्हटलं, मुंबईच्या समोरची, चौलजवळची. तो म्हणाला, "सैमूर?" मला वाटलं काहीतरी गैरसमज झाला. घरी येऊन वाचलं. अरब प्रवासी चौलला सैमूर म्हणायचे. बगदादचा मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं येऊन गेला. शिलाहारांचा झंझ राजा तेव्हा गादीवर होता आणि गावात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत होते, सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, असं त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे हजार वर्षांपूर्वी ओमानी माणसं पोटापाण्याला आमच्याकडे यायची. व्हिसाची दिशा तेवढी बदलली.

थर्टीफर्स्टची गर्दी ओसरल्यावर, जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी निघायचं ठरवलं. मी, एकाहत्तर वर्षांची आई आणि तेरा वर्षांचा मुलगा. रिक्षा शेजारच्या वहिनींच्या ओळखीने मिळाली.

रिक्षावाल्यांबद्दल आता मोकळेपणाने लिहिते, नाव न घेता. साडेआठ ठरले होते, आले नऊ दहाला. शाळेची पोरं सोडायची होती म्हणे. ते फोनवर सांगता आलं असतं. चालवता चालवता त्यांनी फोन घेतले. मी सहापर्यंत मोजले, मग मोजायचं सोडलं. मागच्या सीटची एक स्प्रिंग बरोब्बर आईच्या बाजूला वर आलेली, त्यावर घरून आणलेली शाल घडी करून घातली. गाणी मोठ्याने, पण सांगितल्यावर बंद केली.

बसल्या बसल्या त्यांनी आपला ठरीव दौरा सांगितला: दत्त, बिर्ला मंदिर, बीच. मी माझी यादी पुढे केली. त्यांनी ती लांब धरून वाचली आणि म्हणाले, "हमामखाना? ताई, ते कोन बघाला जातंय?" मी म्हटलं, आम्ही. "ठिकाय. मंग चपला नको, बूट घाला पोराला. काटं हायेत."

हा माणूस कामाचा आहे हे मला तिथंच कळलं.

कारण चौलचं असं आहे की ते दिसतच नाही. रस्त्याने गेलात तर दोन्ही बाजूंना सुपारी आणि नारळ, मधून मधून कौलारू घर, कॉटेजची पाटी, पुन्हा सुपारी. इथं ३६० देवळं आणि ३६० तळी होती असं गावात म्हणतात. आकडा सोडून द्या, वर्षाच्या दिवसांवर बेतलेला वाटतो. पण कन्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत चेमुलच्या, म्हणजे चौलच्याच, दानशूरांची नावं आहेत, ग्रीक-रोमन लोकांच्या लिखाणात हे बंदर आहे, पुढे निजामशाही आहे, पोर्तुगीज आहेत. एवढं सगळं गेलं कुठे, तर वाड्यांत. कुणाच्या तरी विहिरीमागे, कुणाच्या तरी गोठ्याशेजारी. आणि वाडीला फाटक असतं. ते फाटक कुणाचं, हाक कुणाला मारायची, कुत्रा बांधलाय की मोकळा, हे ज्याला माहीत त्यालाच चौल दिसतं. गुगलचा नकाशा तुम्हाला रस्त्यावर आणून सोडतो, पुढचं काम रिक्षावाल्याचं.

रामेश्वराचं देऊळ पहिलं घेतलं. समोरची पुष्करिणी भरलेली, पाणी हिरवट, पायऱ्यांवर कुणी नाही. आत मंडपात जमिनीखाली तीन कुंडं आहेत, अग्नी, वायू आणि पर्जन्य. दुष्काळ पडला की पर्जन्यकुंड उघडायचे, असं आईने नातवाला सांगितलं. त्याने विचारलं, मग मस्कतला एक का नाही बनवत? आईला हा प्रश्न इतका आवडला की दिवसभरात तिने तो तीन जणांना सांगितला.

दत्ताच्या डोंगराला आईने पायथ्यावरूनच हात जोडले. गुडघे. मीही आग्रह केला नाही, पायऱ्या बऱ्याच आहेत.

हमामखान्याला मात्र अर्धा तास गेला आणि तो दिवसाचा सर्वांत चांगला अर्धा तास. रिक्षा एका बोळात लावली. रिक्षावाल्यांनी फाटकाशी उभं राहून हाक मारली, आतून एक आजी आल्या, ओट्यावर वाळत घातलेली सुपारी पायाने बाजूला सारत त्यांनी वाट करून दिली. कशाला आलात, कुठले, असं काही नाही. फक्त आईकडे बघून म्हणाल्या, "अक्षीच्या ना? मानेवरून वाटलं." आईची मान कशी आहे ते मी त्यानंतर बराच वेळ बघत होते.

मागे पाच मिनिटं चालल्यावर झाडोऱ्यात ती वास्तू. बाहेरून नुसता काळा ढिगारा वाटतो, वर वड-पिंपळाची मुळं उतरलेली. आत वाकून शिरलात की एकदम घुमट. वर उजेडासाठी भोकं, त्यातून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडलेले. चुन्याचा गिलावा कुठे कुठे शाबूत आहे आणि हात लावला तर अजून गुळगुळीत लागतो, आमच्या आजीच्या जात्याच्या पाळीसारखा. निजामशाहीच्या काळात इथं लोक गरम पाण्याने अंघोळी करत. वटवाघळांचा वास आहे, तो धरून चाला. मुलाने भिंतीतल्या मातीच्या नळाचा तुकडा दाखवला, तो नळच होता की मुळाने पाडलेली पोकळी ते मला सांगता येणार नाही, पण निझव्याला पाटी वाचून पुढे सरकणारा हा मुलगा इथं भिंतीला गाल लावून आत बघत होता. पाटी नसण्याचा एवढा एक फायदा.

तोटेही सांगते. कचरा आहे. भिंतीवर बदाम आणि नावं कोरलेली आहेत. संडासाची सोय या सगळ्या भागात शोधून मिळत नाही. आईसाठी आम्ही शेवटी त्या सुपारीवाल्या आजींकडेच विचारलं. वयस्क माणूस बरोबर असेल तर हे आधी डोक्यात ठेवा.

रिक्षावाल्यांच्या माहितीबद्दल एक सावधगिरी. रस्ता त्यांना अचूक माहीत, इतिहास अजिबात नाही, आणि दोन्ही ते सारख्याच ठामपणे सांगतात. रेवदंड्याच्या सातखणी बुरुजाखालून पलीकडच्या कोर्लई किल्ल्यापर्यंत खाडीखालून भुयार आहे आणि त्यातून घोडेस्वार जायचे, असं त्यांनी मुलाला सांगितलं. सातखणी म्हणजे पोर्तुगिजांच्या फ्रान्सिस्कन मठाच्या देवळाचा मनोरा, त्याचे वरचे मजले कधीच पडले. पण मुलाने भुयाराची गोष्ट मस्कतला परत नेली, मठाची नाही.

रेवदंडा गाव किल्ल्याच्या आतच वसलंय, एसटी तटातून आत शिरते. पोर्तुगिजांनी इथं १५१६ साली वखार घातली, मग किल्ला बांधला आणि १७४० पर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. त्यानंतर मराठ्यांकडे आला. आता तटाच्या आत वाड्या आहेत, पोफळींच्या रांगांत मधेच एखादी कमान उभी, तिला गड्याने शिडी टेकवून ठेवलेली. सातखणीच्या पायथ्याशी तोफा पडल्यात. मुलगा एकीवर बसला, मी ओरडले, रिक्षावाले म्हणाले, "बसूद्या ताई, आमीबी बसायचो." तटाच्या दारातून बाहेर आलं की समोर काळ्या वाळूचा किनारा आणि पलीकडे कोर्लईचा डोंगर.

सातखणीच्या आधी शाळेत गेलो, कारण शाळेच्या आवारात अफनासी निकितीनचा स्तंभ आहे. हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी, वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी इथं उतरला. होर्मुझहून निघाला, वाटेत मस्कतला थांबला, मग गुजरातवरून चौल. विकायला एक घोडा घेऊन आला होता. जुन्नरला तिथल्या खानाने तो काढून घेतला, पुढे मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. मला हा माणूस ओळखीचा वाटला. आपणही मस्कत-मुंबई विमानात कुणाकुणासाठी काय काय वाहून आणतो आणि कस्टममध्ये जीव मुठीत धरून उभे राहतो. मी जिथे जाईन तिथे माझ्या मागे लोक चालतात, गोरा माणूस बघून नवल करतात, असं त्याने लिहिलंय. आम्ही स्तंभाशी उभे असताना आठ-दहा पोरं गोळा झाली आणि माझ्या मुलाच्या बुटांकडे बघत उभी राहिली. स्तंभावर रशियन, मराठी, हिंदी आणि इंग्रजी मजकूर आहे. शाळा चालू असेल तर आत विचारून जा, आम्हाला शिपाईकाकांनी मधल्या सुट्टीपर्यंत थांबवलं आणि ते बरोबरच होतं.

आता जेवण. हे किल्ल्याच्या आतल्या एका वाडीत, घरगुती. रिक्षावाल्यांच्याच ओळखीचं, त्यांना त्यात काही सुटत असेल तर सुटो, पैसे वसूल झाले. फोनवर जिताडा सांगितला होता. पोचलो तर जेवण करणाऱ्या वहिनी दारातच म्हणाल्या, "ताई, जिताडा नाय आला. खोटं कशाला सांगू, दुसरा मासा जिताडा म्हणून वाढता येतो, पण तुम्ही अक्षीच्या, तुम्हाला कळेल." त्याऐवजी कोळंबीचं कालवण आणि तळलेले बोंबील. दर तोच. खरं तर पन्नास-शंभर कमी करायला हवे होते, मी बोलले नाही, इथं लिहितेय.

पाऊण तास उशीर झाला. ओल्या बोंबलांचं पाणी दगडाखाली दाबून काढल्याशिवाय त्या तळत नाहीत, आणि ती कारणमीमांसा पानात आल्यावर पटली. वरून कुरकुरीत आणि आत सायीसारखे. मस्कतला मासे उत्तम मिळतात, किंगफिश तर घरोघरी, पण बोंबील हे असे नाहीत. भाकरी तांदळाची, हातावर थापलेली, कडेला किंचित फाटलेली. सोलकढीत नारळ ताजा, लसूण जरा जास्त.

आईचा गुरुवार म्हणून तिला वालाचं बिरडं. ती घरी इतरांच्या बिरड्यात हमखास खोट काढते: वाल मोड जास्त आलेले, किंवा सालं राहिलेली, किंवा दाण्याचा भुगा झालेला. ताटातला एक एक दाणा तिने चमच्याने उलटून बघितला. एकही साल नाही, दाणा अख्खा, बोटाने दाबला की विरघळतोय. "हिने स्वतः सोललेत," एवढंच म्हणाली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. माझ्या जेवणालाही ती इतके गुण देत नाही.

बसायची व्यवस्था पडवीत, खुर्च्या प्लास्टिकच्या, हात धुवायला विहिरीच्या काठावर नळ. त्या विहिरीच्या काठाला तीन-चार तासलेले काळे दगड बसवलेत, बाकीच्या दगडांपेक्षा वेगळे, सरळ कडांचे. कुठल्या भिंतीतून आले कोण जाणे. त्यावर वहिनींची घासायची चोथी आणि निरम्याचा डबा.

जेवणावर कोर्लई हा माझा चुकलेला निर्णय. दुपारी अडीचला डोंगर चढायला नको होता, जानेवारीत सुद्धा. साळावचा पूल ओलांडून गेलात की कोर्लई गाव, तिथून दीपगृहाकडे रस्ता. आई रिक्षात सावलीला बसली आणि रिक्षावाल्यांनी तिला ऊसाचा रस आणून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. हेही लिहायला हवं, नुसते फोन मोजून कसं चालेल.

मी आणि मुलगा वर गेलो. किल्ला डोंगराच्या धारेवर लांबच लांब पसरलेला आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी. खाडीचं तोंड वरून पूर्ण दिसतं. १५०८ साली याच पाण्यात इजिप्तच्या आणि दीवच्या मलिक अयाजच्या जहाजांनी पोर्तुगिजांना गाठलं आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा मारला गेला. मुलगा लढाईत रमला नाही. तो तटाकडे बघत होता. म्हणाला, "आई, हे मिरानीसारखं आहे." मस्कतच्या जुन्या बंदरावर जलाली आणि मिरानी असे दोन पोर्तुगीज किल्ले आहेत, आम्ही दर आठवड्याला त्यांच्या समोरून जातो. मग मी त्याला सांगितलं की ज्या इमामाने निझव्याचा गोल बुरूज बांधला, त्याच सुलतान बिन सैफने १६५० साली पोर्तुगिजांना मस्कतमधून घालवलं. आणि आपल्याकडे? आपल्याकडे नव्वद वर्षांनी. "लेट," असा त्याचा शेरा. अक्षीचा असून मराठ्यांना लेट म्हणतो म्हणून मी जरा तापले, तेवढ्यात त्याचं पाणी संपलं.

उतरताना कोर्लई गावात चर्चजवळ एका दुकानात सरबत घेतलं. दुकानातल्या बाई आमच्याशी आपल्यासारखंच मराठी बोलत होत्या आणि मागे वळून नातीला भलत्याच भाषेत काहीतरी दटावत होत्या. हीच ती कोर्लईची क्रिओल, पोर्तुगीज आणि मराठी एकत्र शिजून तयार झालेली. या एका गावाशिवाय ती कुठे बोलली जात नाही. मुलाने विचारलं, कोणती भाषा? "आमची," त्या म्हणाल्या आणि पाच रुपये सुट्टे मागितले.

परतीच्या वाटेवर रिक्षावाल्यांनी रात्री पोपटीला बोलावलं. त्यांच्या भावाच्या शेतात मडकं लागणार होतं, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, भांबुर्डीचा पाला. मुलगा उड्या मारत होता. आई दमली होती, मी नको म्हटलं. अजून चुटपुट लागून राहिलीय. त्यांनी घरी सोडल्यावर हजाराच्या वर पाचशेची नोट दिली, शंभर परत करायला लागले, मी ठेवा म्हटलं. ते म्हणाले, "मस्कतला रिक्षा हायेत का?" नाहीत म्हटल्यावर त्यांना खरोखर वाईट वाटलं.

रिक्षेला पाचपैकी साडेतीन, अर्धा गुण ऊसाच्या रसाचा. जेवणाला साडेचार.

जाणार असाल तर कोर्लई सकाळी आधी करा आणि चौल दुपारच्या सावलीत. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा, बिरडं तर नक्कीच, वाल भिजवून मोड आणायला वेळ लागतो. सुट्टे पैसे घ्या. मुलांना बूट.